न्यायसभेंतील पान आणि मुळी

यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर तालुक्याचें मुख्य ठिकाण पांढरकवडा. नागपुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर, खुनी नदीच्या कांठीं हें गांव वसलें आहे. गांवांत न्यायकचेरी आहे. गांवाबाहेर थोडें गेलें कीं रान लागतें, आणि त्या रानांत बेल आहे, पळस आहे, पावसाळ्यांत झुडपांवर चढणारी पहाडवेल आहे. कचेरींतील दप्तरें आणि रानांतील हा पाला यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल असें आजच्या सुशिक्षित माणसास वाटत नाहीं. परंतु आपल्या देशांतील न्यायाचा इतिहास चाळतांना असें दिसून येतें कीं, न्यायसभेंत वनस्पति फार पूर्वींपासून शिरलेली आहे, आणि तीहि दोन वाटांनीं. एक पान असें, कीं जें न्यायाधीश स्वतः पक्षकाराच्या हातांत देई. दुसरी मुळी अशी, कीं जी पक्षकार अंगावर लपवून आणी, आणि ती सांपडावी म्हणून न्यायाधीश त्याची झडती घेई. पानाचें काम बोलणाराची स्वतःची जीभ बांधण्याचें. मुळीचें काम समोरच्याची जीभ बांधण्याचें. या दोहोंची गल्लत होऊं देतां कामा नये. लोकांचा न्यायसभेवर विश्वास किती होता, हें कोणत्या काळीं या दोहोंपैकीं कशाची चलती होती यावरून बरेंचसें कळतें.

मुळीचा पुरावा अधिक जुना आहे. अथर्ववेदाच्या दुसऱ्या कांडांतील सत्ताविसावें सूक्त वादांत प्रतिपक्षास जिंकण्यासाठीं रचलेलें आहे. त्यांत एका वनस्पतीची प्रार्थना आहे. ही वनस्पति गरुडानें शोधली, रानडुकरानें नाकाडानें उकरून काढली, इंद्रानें असुरांवर मात करण्यासाठीं ती बाहूवर बांधली आणि खाल्लीहि, अशी तिची कुळकथा सांगितली आहे. आणि आमच्याविरुद्ध बोलणारांच्या बोलण्यांतील सत्त्व काढून घे, असें तिच्याकडे मागणें केलें आहे. सूक्तांत तिचें नांव 'पाटा' असें आहे. वैद्य जिला पाठा म्हणतात आणि मराठींत जिला पहाडवेल किंवा पहाडमूळ म्हणतात, तीच ही, असें सामान्यतः मानतात. या सूक्ताचा उपयोग कसा करावा तें कौशिकसूत्रांत दिलें आहे. सभेंत जाणारानें पाटेची मुळी चघळीत ईशान्येच्या बाजूनें सभेंत यावें, बोलतांना ती तोंडांत असूं द्यावी, तिचाच ताईत बांधावा आणि तिच्या सात पानांची माळ धारण करावी. ईशान्येकडूनच कां यावयाचें? तर वैदिक वाङ्मयांत त्या दिशेचें नांवच 'अपराजिता', म्हणजे न हरणारी, असें आहे.

हा ग्रंथसंभार आधुनिक वाचकांस सुलभ करून देण्यांत एका मराठी पंडिताचा वांटा मोठा आहे. सायणभाष्यासह अथर्ववेदाची जी आवृत्ति मुंबईस १८९५ ते १८९८ या काळांत प्रसिद्ध झाली, ती शंकर पांडुरंग पंडित यांनीं सिद्ध केलेली होती; ती पुरी झालेली पाहण्यास मात्र ते राहिले नाहींत. अपराजितेचें नांव तर मराठी घरांत आजहि परकें नाहीं. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं १७९० च्या सुमारास रचलेल्या धर्मसिंधूंत विजयादशमीच्या दिवशीं शमीपूजन व सीमोल्लंघन यांच्या जोडीला अपराजितापूजन सांगितलें आहे, आणि परसांतल्या निळ्या गोकर्णीस संस्कृतांत अपराजिता हेंच नांव आहे.

अथर्वणांतील या सूक्तांत एक गोष्ट मात्र शोधूनहि सांपडत नाहीं. ती म्हणजे सत्य. आपली बाजू खरी आहे, म्हणून ती जिंकावी, असें बोलणारा कोठेंहि म्हणत नाहीं. तो जय मागतो, एवढेंच. पुढें तंत्रग्रंथांत 'स्तंभन' नांवाचें जें कर्म आलें, त्याची जात हीच. बगलामुखी ही त्या कर्माची देवता. ती एका हातानें शत्रूची जीभ उपसून धरते, असें तिचें ध्यान आहे. तिला सर्व कांहीं पिवळें प्रिय, जपमाळहि हळकुंडांची. मध्यप्रदेशांत नलखेडा आणि दतिया येथें तिचीं प्रसिद्ध स्थानें आहेत, आणि कोर्टांत दावा अडकलेले लोक तेथें जातात. हळदीचा हा उपयोग येथें लक्षांत ठेवण्याजोगा आहे, कारण हीच हळद मराठी मुलखांत अगदीं उलट कामाला लागलेली पुढें दिसेल.

आतां पानाकडे वळूं. धर्मशास्त्रकारांनीं पुराव्याची एक उतरंड लावून दिली आहे. लेख, भोगवटा आणि साक्षीदार हे मानुष पुरावे. हे तिन्ही नसतील तरच दैवी पुरावा, म्हणजे दिव्य. याज्ञवल्क्यस्मृतींत तुला, अग्नि, जल, विष आणि कोश अशीं पांच दिव्यें सांगितलीं आहेत. इतर स्मृतिकारांनीं त्यांत तांदूळ, तापलेला सोन्याचा मासा, नांगराचा तापवलेला फाळ इत्यादींची भर घातली. यांपैकीं बहुतेकांत कोणती ना कोणती वनस्पति आहेच. अग्निदिव्यांत आरोपीच्या ओंजळींत पिंपळाचीं सात पानें ठेवून तीं सुतानें बांधीत, त्यांवर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ठेवीत, आणि तो घेऊन त्यानें जमिनीवर काढलेलीं सात मंडलें ओलांडावयाचीं असत. विषदिव्यांत हिमालयांतील विष सात यवांइतकें घेऊन तीसपट तुपांत कालवून देत. तांदळाचें दिव्य चोरीच्या आरोपापुरतें होतें. देवाच्या स्नानाच्या पाण्यांत रात्रभर ठेवलेले तांदूळ आरोपीनें पूर्वेस तोंड करून चावावयाचे आणि पिंपळाच्या पानावर थुंकावयाचे. थुंकींत रक्त दिसलें किंवा अंग थरथरलें तर तो दोषी.

या शेवटल्या प्रकारांत थोडें शहाणपणहि होतें. भ्यालेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते. कोरड्या तोंडानें कच्चे तांदूळ चावले म्हणजे हिरड्या सोलवटतात. पण भीति ही चोरालाच वाटते असें थोडेंच आहे! भरल्या सभेंत उभा केलेला निरपराध गरीब माणूसहि घाबरतोच.

अग्निदिव्य प्रत्यक्ष घडल्याचें एक वर्णन विश्वसनीय मनुष्यानें लिहून ठेवलेलें आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या काळीं काशीचे मुख्य न्यायाधीश अली इब्राहीम खान हे होते. त्यांचा दिव्यांवरील लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनग्रंथाच्या पहिल्या खंडांत १७८८ सालीं छापला गेला. १७८३ सालीं एका मनुष्यावर चोरीचा आरोप आला. त्यानें दिव्य करण्याची तयारी दाखविली. पंडितांस विचारून, पिंपळाचीं पानें हातांवर बांधून, मोठ्या जमावासमक्ष त्यानें तप्त गोळा उचलला आणि सातहि मंडलें ओलांडून टाकला. मग त्याच्या तळहातांत भात चोळून पाहिला. हात भाजलेले नव्हते. तो सुटला, आणि असे प्रसंग पुन्हां येऊं नयेत म्हणून फिर्याद करणारासच आठवडाभर कैदेंत ठेवलें. त्याच लेखांत तापलेल्या तेलाच्या दुसऱ्या एका दिव्याची हकीकत आहे. त्यांत मात्र आरोपीचा हात भाजला आणि तो दोषी ठरला. सात पानांच्या जाडीनें एकाचा हात वांचला असेल काय, असा प्रश्न आजचा वाचक विचारील. तो रास्त आहे.

जुन्या शास्त्रकारांनाहि असे प्रश्न पडत होते. बाराव्या शतकाच्या आरंभीं कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानें विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली. त्या परंपरेंतील ग्रंथांत पितामहस्मृतीचा आधार देऊन असें सांगितलें आहे कीं, दिव्य करणाराच्या अंगावर विष उतरविणाऱ्या औषधि, मंत्राचे ताईत किंवा मणि लपविलेले आहेत काय, तें तपासून घ्यावें, आणि त्याला लबाड लोकांपासून दूर ठेवावें. ही भीति काल्पनिक नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, जें १९०९ सालीं म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं छापून जगापुढें आणलें, निखाऱ्यांवरून चालण्याची युक्ति दिलेली आहे. पांगारा, केळीचा कंद इत्यादिकांचा कल्क बेडकाच्या चरबीशीं शिजवून तेल करावें आणि तें पायांस चोळावें, असा तो नुसखा. तो गुणकारी आहे कीं नाहीं हा प्रश्न निराळा. पण अशा नुसख्यांचें ज्ञान राजवाड्यांतून चालत असतां न्यायाधीश स्वस्थ कसा बसेल? एका हातानें पिंपळाचीं पानें द्यावयाचीं आणि दुसऱ्या हातानें पांगाऱ्याचें तेल पुसून काढावयाचें, असें त्याचें दुहेरी काम होतें.

आणि हें कांहीं एकट्या हिंदुस्थानांतच होतें असें नाहीं. इंग्लंडच्या कायद्यांत द्वंद्वयुद्धानें वाद तोडण्याची रीति होती. लढणारा प्रत्येक वीर आधीं शपथ घेई कीं, आपण अंगावर हाड, दगड वा कोणतीहि वनस्पति बाळगलेली नाहीं, आणि कसलाहि जादूटोणा केलेला नाहीं. ही रीति वापरांतून गेली होती, तरी पुस्तकांतून गेली नव्हती. १८१७ सालीं एका खुनाच्या खटल्यांतील आरोपीनें भर न्यायालयांत हातमोजा टाकून द्वंद्वाचा हक्क मागितला, आणि १८१८ सालीं न्यायाधीशांस तो मान्य करावा लागला. मग १८१९ सालीं पार्लमेंटानें कायदा करून ती रीति बंद केली. ज्या सालीं पेशवाई बुडाली, त्या सालीं विलायतेंत ही स्थिति होती, हें मराठ्यांच्या दिव्यांना रानटी म्हणणारांनीं विसरूं नये.

मराठी राज्यांतील दिव्य म्हणजे मुख्यतः रवा काढणें. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी अशा वतनांचे तंटे गोतसभेपुढें येत. दोन्हीं पक्ष राजीनामा व जामीन लिहून देत, साक्षी होत, कागद पाहिले जात. आणि त्यांतून निर्णय न लागल्यास उकळत्या तेलातुपांतून धातूचा रवा काढावा लागे. त्यापूर्वीं हात धुऊन व नखें काढून तपासून घेत. नंतर हातास पिशवी बांधून तिच्यावर मोहर करीत आणि ठरलेल्या दिवशीं सर्वांसमक्ष उघडीत. हात शुद्ध निघाला तर वतन राहिलें. भाजला तर पिढ्यान्‌पिढ्यांचें घर गेलें. जिंकणारा सरकारास हरकी देई, हरणारा गुन्हेगारी. वतन म्हणजे केवळ उत्पन्न नव्हे. गांवांतील मान, होळीची पहिली पोळी, पोळ्याला पहिला बैल. त्यासाठीं माणसें तेलांत हात घालीत.

पण रवा हा क्वचित्‌चा उपाय. नित्याचा उपाय होता बेलभंडार. बेल शंकराचा आणि भंडार, म्हणजे हळदीची पूड, खंडोबाची. खंडोबा हा शंकराचाच अवतार, तेव्हां दोन्हींचें दैवत एकच. बेलाचें पान आणि भंडार हातीं घेऊन सांगितलेली गोष्ट खोटी ठरल्यास खंडोबा कुळाचा नाश करील, अशी त्यांतील धाक. वैष्णव तुळशीवर हात ठेवी, मुसलमान कुराणावर. साक्षीदारानें उभें राहून बेलभंडार उचलला कीं पुष्कळदां समोरचा पक्ष तेथेंच नमत असे. न्यायसभेबाहेरहि हें चलन चालत होतें: एखाद्या सरदारास भेटीस बोलवावयाचें, तर विश्वासासाठीं बेलभंडार पाठवीत, आणि तो मोडणें हें मोठें लांछन समजत. बगलामुखीच्या माळेंतील हळद दुसऱ्याची जीभ धरते. खंडोबाचा भंडार बोलणाराची स्वतःची. हळद तीच, पण तिच्याकडून काय मागितलें तें अगदीं भिन्न.

या पद्धतीचें कौतुक करतांना तिची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. शपथेचा धाक ज्याला वाटतो तो बांधला जातो. निगरगट्टाला तिचें बंधन नाहीं. श्रद्धावान् माणूस खऱ्या गोष्टीचीहि शपथ घेण्यास कचरतो, कारण एखादा तपशील चुकला तर मुलाबाळांवर बेतेल अशी त्यास भीति. म्हणजे भिडस्त हरतो आणि निर्भीड जिंकतो, असेंहि घडत असलें पाहिजे.

इंग्रजी अंमलांत हा पाला कचेरींतून हळूहळू निघाला. १८४० च्या पांचव्या कायद्यानें कंपनीच्या मुलखांत हिंदूंस गंगाजलावर आणि मुसलमानांस कुराणावर शपथ घेण्याची सक्ति राहिली नाहीं. साधी प्रतिज्ञा पुरेशी झाली. पांढरकवड्याचा मुलूख त्या वेळीं निजामाकडे होता. तो १८५३ सालीं इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, आणि १९०५ पर्यंत तेथील जिल्ह्याचें नांव वणी असें होतें.

१८७३ चा शपथांचा कायदा विशेष मनोरंजक आहे. त्यानें पुढच्या दारानें घालविलेली जुनी शपथ खिडकींतून पुन्हां आंत घेतली. एखाद्या पक्षकारानें म्हटलें कीं, प्रतिवादी आपल्या जातिधर्मांत बंधनकारक समजली जाणारी अमुक शपथ घेऊन सांगेल तर तें मला कबूल, आणि प्रतिवादी तयार झाला, तर न्यायालय ती शपथ देववी. सोयीचें असल्यास त्यासाठीं बाहेर मनुष्यहि नेमी. मग त्या शपथेवरचें बोलणें त्या पक्षकाराविरुद्ध निर्णायक समजलें जाई. अटी दोन होत्या: शपथ न्यायाला व सभ्यतेला सोडून नसावी, आणि तिचा परिणाम तिऱ्हाइतावर होणारा नसावा. ही दुसरी अट ज्यानें घातली त्याला हिंदी माणसाची चांगली पारख असली पाहिजे. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ तिनें एका वाक्यांत बाद केली! देवळांत बेल उचलून दिवाणी दावा तुटावा, ही वाट अशा रीतीनें जवळजवळ शंभर वर्षें कायद्यांत उघडी होती. १९६९ च्या नव्या कायद्यानें ती बंद झाली. आतां साक्षीदार ईश्वरसाक्ष किंवा प्रतिज्ञेवर बोलतो. त्याच्या हातीं कोणतेंहि पान नसतें.

पान गेलें. मुळी मात्र गेली नाहीं, कारण तिला कोणी बोलावलेंच नव्हतें. ती कोणत्या जमिनींत जोर धरते, हें पाहण्यासाठीं समुद्रापलीकडे दृष्टि टाकली पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णी लोकांत 'हूडू' नांवाची जी लोकविद्या आहे, तिच्यांत न्यायालयासाठीं म्हणून खास मुळ्या आहेत. त्यांतली प्रसिद्ध मुळी चघळून तिचा रस कोर्टाच्या जमिनीवर थुंकावयाचा, म्हणजे न्यायाधीशाचें मन अनुकूल होतें, असा समज. ही मुळी म्हणजे आपल्या कोलिंजनाच्याच जातीचा कंद. कोष्टकोलिंजनाचा तुकडा आपल्याकडे कीर्तनकार आणि गवई आवाज मोकळा व्हावा म्हणून दाढेखालीं धरतात. आशियांतला हा कंद व्यापाराबरोबर तिकडे गेला आणि वकिलाचें काम करूं लागला. कौशिकसूत्रांतील मुळी चघळणारा आणि हा मनुष्य यांची कधीं गांठ पडलेली नाहीं. दोघांनाहि एकच सुचलें, कारण दोघांचीहि सारी भिस्त तोंडांतून निघणाऱ्या शब्दावर होती.

फरक आहे तो परिस्थितींत. गुलामगिरीच्या काळीं त्या प्रांतांत बहुतेक ठिकाणीं कृष्णवर्णी मनुष्याची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालतच नसे. फ्रेडरिक डग्लस यांनीं १८४५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत अशी हकीकत आहे कीं, मालकाच्या मारास कंटाळून ते पळाले असतां सँडी जेंकिन्स नांवाच्या सोबत्यानें त्यांना एक मुळी दिली, आणि ती उजव्या बाजूस बाळगलीस तर कोणीहि गोरा तुला फटके मारूं शकणार नाहीं, असें सांगितलें. डग्लसांचा तिच्यावर फारसा विश्वास बसला नाहीं. त्यांनीं मालकाशीं दोन हात केले, आणि त्यानंतर त्यांना कोणीं फटके मारले नाहींत. पण सँडीनें मुळी दिली ती मूर्खपणानें नव्हे. ज्याला न्यायसभेंत उभें राहून खरें बोलण्याचाहि अधिकार नाहीं, त्याला मुळीखेरीज दुसरा कोणता वकील मिळणार होता?

हाच प्रश्न पांढरकवड्याकडे तोंड करून विचारतां येतो. या तालुक्यांत कोलाम आणि गोंड यांची वस्ती मोठी आहे. कोलामांची गणना शासनानें महाराष्ट्रांतील तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांत केली आहे. कोलामी आणि गोंडी या द्राविडी कुळांतील भाषा, मराठीहून अगदीं वेगळ्या. कागद मराठींत, कायदा पुष्कळदां इंग्रजींत, आणि ज्याच्या जमिनीचा वाद त्याची बोली तिसरीच. गोतापुढें देवाचें नांव घेऊन बोलणें काय असतें, हें अशा माणसास समजावून द्यावें लागत नाहीं. कैफियत, पुरशीस, तहकुबी हे शब्द मात्र त्याच्या कानावरून वाऱ्यासारखे जातात. आरोपीस न कळणाऱ्या भाषेंतील साक्ष त्याला समजेल अशा भाषेंत उलगडून सांगितली पाहिजे, असें फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत लिहिलेलें आहे. हा दुभाष्या बेलाच्या पानाहून अधिक मोलाचा, आणि तो प्रत्यक्ष मिळतो कीं नाहीं यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून आहेत.

रवा मात्र पुरता विझलेला नाहीं. २०२१ च्या फेब्रुवारींत त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील परंड्याकडून बातमी आली कीं, एका नवऱ्यानें संशयापायीं बायकोला उकळत्या तेलांतून पांच रुपयांचें नाणें काढावयास लावलें. तेथें लेख नव्हता, साक्षी नव्हता, गोतसभेचा राजीनामा नव्हता. हातावर ठेवावयास पिंपळाचीं सात पानेंहि नव्हतीं. महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून अमलांत आहे. त्या स्त्रीची फिर्याद ज्या कचेरींत जावयाची, तेथवरचा रस्ता अजून लांब आहे.